शेवटचा हात बिघडला तर

सकाळी ताडपत्री बाजूला केली आणि काल लावलेल्या वार्निशवर ओघळ दिसले, पांढुरकी झाक आली किंवा नाळेजवळ फोडांची रांग उठली, की मनात पहिला विचार येतो तो एकच: वरून आणखी एक हात मारू, झाकले जाईल. तो हात मारू नका. ब्रश धुऊन ठेवा आणि त्या दिवशी होडीकडे नुसते नीट बघा. शेवटच्या हातावर दिसणारा दोष पुष्कळदा त्या हाताचा नसतो. खाली कुठे तरी ओल राहिलेली असते, तेलकटपणा राहिलेला असतो, किंवा मधला एखादा हात पुरता सुकायच्या आत पुढचा लागलेला असतो. त्यामुळे दुरुस्ती खरवडण्यापासून सुरू होते. किती खोल खरवडायचे हे ज्याला कळले त्याचे निम्मे काम झाले.

हे सगळे लिहितो आहे ते रोहा-अष्टमीच्या परिसरात पडवीत, अंगणात किंवा मांडवाखाली छोटी होडी बांधणाऱ्यांसाठी. कुंडलिका रोहा आणि अष्टमी यांच्यामधून वाहत रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते, खालच्या अंगाला तिची खाडी होते. असे पाणी दाराशी असताना दहा-चौदा फुटांची होडी स्वतःच्या हाताने करावी, असे कुणाला वाटले तर त्यात नवल नाही. मरीन प्लायचे तुकडे तारेने शिवून इपॉक्सीने जोडायची पद्धत आता सर्वांना माहीत झाली आहे. सागाच्या फळ्यांची जुन्या धर्तीची होडी सुताराकडून उभी करून घेऊन घासणे-रंगवणे स्वतः करणारेही आहेत. या दोन प्रकारच्या होड्यांच्या चुका वेगळ्या आणि उपायही वेगळे. एकीचा उपाय दुसरीवर केला तर होडी कायमची बिघडते. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगेन.

आधी दोषांची वाटणी करा. ज्यातून पाणी लाकडात शिरेल तो दोष एकीकडे, नुसता नजरेला खुपणारा दुसरीकडे. ओघळ, धुळीचे कण, ब्रशच्या रेघा, किंचित कमी-जास्त चमक हे सगळे नजरेचे. ते पुढच्या वर्षीच्या हातापर्यंत थांबले तरी होडीचे काही बिघडत नाही. फोड, उचललेले पापुद्रे, कापडाखालची पोकळी, प्लायची उघडी कड, बिजागरी-कड्यांच्या स्क्रूभोवती आलेली काळी कडा हे पाण्याचे दोष. यातले एकही काम शिल्लक असताना होडी पाण्यात उतरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नवशिके नेमके उलटे करतात. तळाच्या फोडाकडे डोळेझाक करतात आणि वरच्या कडेचा एक ओघळ घासत चार दिवस घालवतात.

दोष शोधायला महागडी साधने लागत नाहीत. अंधार पडल्यावर बॅटरी होडीच्या अंगाला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश पाडा. दिवसा न दिसणारा प्रत्येक खड्डा, उंचवटा आणि ओघळ सावलीसकट दिसेल. मग एक जुने नाणे घेऊन सगळ्या अंगावर हलके टकटक करत जा. भरीव जागी आवाज टणक येतो, कापड किंवा प्लायचा पापुद्रा सुटला असेल तिथे बदबद येतो. अशा जागांना पेन्सिलीने गोल करा. शेवटी संशयास्पद भागावर नख रोवून पाहा. आठवडाभरापूर्वीचा थर नखाने दबत असेल तर तो सुकलेला नाही आणि आता सुकण्याची शक्यताही कमी.

ओल आणि पंचांग

रोहा तालुक्यात पावसाळ्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि हवेतला दमटपणा कित्येक दिवस ८०-९० टक्क्यांच्या खाली येत नाही. त्या हवेत ठेवलेले लाकूड वरून कोरडे वाटले तरी आतून ओले असते. ओल्या मातीवर रंग टिकत नाही हे पेणच्या मूर्तींच्या कोणत्याही कारखान्यात सांगतील, लाकडाचेही तसेच. पावसाळ्यात आतले सुतारकाम करा, वल्ही घडवा, बरगड्या तासा. उघड्यावरचा शेवटचा हात मात्र दिवाळीनंतर ते होळीपर्यंतच.

लाकूड खरेच वाळले आहे का, हे पाहायच्या दोन सोप्या तऱ्हा आहेत. होडीच्याच लाकडाचा एक तुकडा तिच्याशेजारी ठेवा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज एकाच वेळी त्याचे वजन करा. आठवडाभर वजन हलले नाही म्हणजे लाकूड हवेशी जुळले. दुसरी तऱ्हा रंगवलेल्या पण फोड आलेल्या अंगासाठी. फोड खरवडून मोकळ्या केलेल्या जागेवर जाड पारदर्शक प्लास्टिकचा वीतभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि दिवसभर उन्हात राहू द्या. संध्याकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला बाष्प धरले असेल तर लाकडात अजून पाणी आहे. अशा जागी लांबी भरू नका, प्रायमर लावू नका, काहीच करू नका. होडी उपडी करून सावलीत, वाऱ्यात ठेवा. घाईने कडक उन्हात वाळवलेली फळी तडकते.

हिवाळ्यातही दिवसाची वेळ सांभाळावी लागते. मार्गशीर्ष-पौषात नदीकाठी पहाटे चांगलेच दव पडते. वार्निश दुपारी तीननंतर लावले तर ते दव पडेपर्यंत पुरते धरत नाही आणि सकाळी चमक गेलेली, धुरकट दिसते. सकाळी दहाच्या आसपास ओल्या फडक्याने होडीचे अंग पुसून पाहा. ती पातळ ओल दहा-पंधरा मिनिटांत उडाली तर काम सुरू करायला हरकत नाही. नाही उडाली तर लाकूड अजून गार आहे आणि हवेतले पाणी त्याच्यावर बसते आहे. रंग धरणाऱ्या पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश सेल्सियस जास्त असावे असा जो नियम आहे, त्याची ही घरगुती पडताळणी.

कार्तिकात शेजारी झोडणी-मळणी चालू असते, तूस उडतो. माघापासून पुढे राब भाजायला लागतात, तेव्हा राखेचे हलके काळे पापुद्रे बऱ्याच अंतरावरून येऊन ओल्या वार्निशवर बसतात. राख बसली तर ओल्यात बोटाने काढायला जाऊ नका, रेघ उठते. सुकू द्या. मग ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून तेवढीच जागा घासा आणि पुढचा पातळ हात सगळ्या फळीवर एका दमात न्या. जिथे राख बसली तेवढाच ठिपका रंगवला तर तो ठिपका जन्मभर दिसतो.

ओघळ, सुरकुत्या, रेघा

ओघळ काढायची घाई हीच ओघळापेक्षा मोठी चूक आहे. वरून सुकलेला दिसला तरी ओघळाच्या पोटात वार्निश मऊ असते. त्यावर पॉलिश पेपर फिरवला की कातडी फाटते, आतला चिकट भाग पेपरला लागतो आणि भोवतीचा चांगला थरही ओरबाडला जातो. चार-पाच दिवस, थंडी असेल तर आठवडा, थांबा. मग नवे दाढीचे पाते किंवा धार लावलेली पातळ पोलादी पट्टी दोन्ही हातांच्या बोटांत धरून मधोमध किंचित वाकवा, म्हणजे तिची टोके चांगल्या थराला लागणार नाहीत. पट्टी जवळजवळ उभी धरून ओघळाच्या माथ्यावरून लाकडाच्या रेषेच्या दिशेने हलकेच ओढा. नीट चालले असेल तर वार्निशच्या पातळ, कोरड्या चुया निघतात. पावडर पडत असेल तर धार गेली आहे, चिकट गोळे येत असतील तर आणखी दोन दिवस थांबायला हवे. ओघळ भोवतालच्या पातळीला आला की लाकडी ठोकळ्याला २२० नंबरचा पेपर गुंडाळून दोन-चार हात फिरवा. नुसत्या बोटांनी घासू नका, बोटांच्या दाबाने खड्डा पडतो.

सुरकुत्या आल्या असतील तर थर जाड लागला आहे: वरचे वार्निश सुकून आखडले, खालचे ओलेच राहिले. इथे घासून भागत नाही, तो थर पुरता काढावा लागतो. ब्रशच्या रेघा चैत्र-वैशाखात जास्त येतात, कारण उन्हाने वार्निश ब्रशखालीच धरू लागते. डब्यावर सांगितलेला थिनर थोडा घालून पातळ हात लावा, सावलीत काम करा आणि लावलेल्या जागी परत ब्रश नेऊ नका. आडव्या घासण्याचे ओरखडे मात्र वार्निशखाली उठून दिसतात आणि तिथवर पोचायला सगळे थर काढण्यावाचून इलाज नाही. म्हणून पहिल्या हाताआधी लाकूड ओल्या फडक्याने पुसून उन्हाकडे तिरपे धरून बघावे. सांध्यातून बाहेर आलेल्या गोंदाचे डागही तेव्हाच फिकट चट्ट्यांसारखे दिसतात. नंतर वार्निशखाली सापडले तर ते काढताना फळीचा निम्मा पृष्ठभाग उघडा करावा लागतो.

सागाला जात्याच तेल असते. सागावरचे वार्निश वर्षभरात पापुद्रे धरून सुटत असेल तर लावण्याआधी लाकूड थिनरने पुसलेले नाही असे बहुधा समजावे. सुटलेले सगळे काढा, घासा, ॲसिटोन किंवा थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसा आणि ते उडाल्यावर फार वेळ न घालवता पहिला, निम्मा पातळ केलेला हात द्या. उशीर केला तर तेल पुन्हा वर येते.

इपॉक्सीची दुखणी

प्लायच्या होडीतल्या बहुतेक तक्रारी इपॉक्सीपाशी येऊन थांबतात, म्हणून इथे थोडे थांबू.

पहिली तक्रार: थर टणक झाला, पण वर मेणचट, चिकट पातळ लेप राहिला आणि त्यावर रंग धरत नाही, डोळे पडल्यासारखा गोल गोल फाकतो. हार्डनरमधले अमाइन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून हा लेप तयार होतो. आपल्या दमट हवेत तो हमखास येतो. यावर लोक थिनर ओततात. थिनरने तो नीट निघत नाही. तो पाण्यात विरघळतो. कोमट पाणी आणि नायलॉनची हिरवी घासणी घेऊन सगळे अंग धुवा, पाणी बदलत राहा, आणि स्वच्छ सुती फडक्याने टिपून घ्या. फडक्याने टिपणे महत्त्वाचे, कारण पाणी तिथेच वाळू दिले तर विरघळलेला लेप पुन्हा तिथेच बसतो. धुतलेल्या अंगावर पाण्याचा सलग पापुद्रा पसरला पाहिजे. थेंब गोळा होऊन वेगळे होत असतील तर अजून स्वच्छ झालेले नाही. हे सगळे झाल्यावरच घासायचे. आधी घासले तर पेपर तो मेणचटपणा ओरखड्यांत भरून ठेवतो आणि मग तो धुऊनही निघत नाही.

दुसरी तक्रार: आठवडा झाला तरी थर रबरासारखा मऊ. याचे मूळ बहुतेक वेळा एका समजुतीत आहे. गाडीच्या पुट्टीत किंवा पॉलिस्टर रेझिनमध्ये हार्डनर थोडा कमी-जास्त करून सुकण्याचा वेग बदलता येतो. इपॉक्सीत तसे होत नाही. तिथे रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणातच एकमेकांना धरतात. जास्त घातलेला हार्डनर तसाच मोकळा राहतो आणि थर कायमचा मऊ ठेवतो. डब्यावरचे प्रमाण वजनाचे आहे की मापाचे, तेही वाचा. दोन्ही एकच नसतात. वजनाचे असेल तर ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. मऊ राहिलेला थर उन्हात ठेवून, दिवे लावून सुधारायचा प्रयत्न दोन दिवस करून पाहायला हरकत नाही, पण प्रमाण चुकले असेल तर उपयोग होत नाही. पट्टीने सगळे खरवडा, उरलेले ॲसिटोनने पुसा, उघड्या लाकडावर पुन्हा नीट प्रमाणाचा थर द्या. त्या मऊ थरावर काचेचे कापड चढवले असेल तर कापडही काढावे लागेल. वाईट वाटते, पण मऊ पायावर टणक कापड पहिल्याच उन्हाळ्यात सुटते.

तिसरी तक्रार बारीक बुडबुड्यांची. उघड्या लाकडाला पहिला थर सकाळी दिला आणि दुपारी ऊन तापले की लाकडातली हवा फुगून थरातून बाहेर येते. प्रत्येक बुडबुडा फुटून एक खड्डा ठेवतो. यावर जाड थर दिला तरी खड्ड्यातली हवा तशीच अडकते आणि पुन्हा बुडबुडा येतो. थर पूर्ण सुकू द्या, घासा, मग इपॉक्सीत सिलिकाची पूड घालून लोण्याइतपत दाट करा आणि प्लास्टिकच्या पट्टीने दाबून खड्ड्यांत बसवा. पुढच्या वेळी होडी दुपारपर्यंत उन्हात तापू द्या, मग सावलीत ओढा आणि लाकूड गार होऊ लागताच थर द्या. गार होणारे लाकूड हवा आत खेचते आणि त्याबरोबर इपॉक्सीही रेषांत ओढून घेते. दव पडण्याच्या आत तो थर धरेल इतका वेळ मात्र हाताशी हवा. त्या दृष्टीने माघ-फाल्गुन हे महिने सर्वांत सोयीचे.

कापडाखाली नाणे बदबद वाजले तर पोकळी केवढी आहे ते पाहा. रुपयाएवढी असेल तर दोन टोकांना दोन बारीक भोके पाडा, एकातून इंजेक्शनच्या सिरिंजने इपॉक्सी सोडा. दुसऱ्यातून बाहेर येऊ लागली की प्लास्टिक ठेवून वर वजन द्या. तळहाताएवढी असेल तर तेवढे कापड कापून काढा, कडा घासत घासत लांबवर निमुळत्या करा आणि नवे कापड बसवा. जाडीच्या आठ ते बारा पट लांबीचा उतार असला की जोड धरतो. प्लायचा वरचा पापुद्रा घासून पार झाला आणि खालचा आडव्या रेषांचा पापुद्रा दिसू लागला, ही चूक मात्र वार्निशखाली लपत नाही. ती जागा भक्कम करून तेवढा पट्टा रंगाने रंगवायचा निर्णय घ्या. वरची कड आणि बाक वार्निशचे आणि अंग रंगाचे, अशी होडी सुरेखच दिसते.

गोव्यात दिवाडी बेटावरच्या कारखान्यात बांधलेली, कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा जिच्यातून केली ती ‘म्हादेई’ नौका लाकडी गाभ्याचीच होती, वरून काचेचे कापड आणि इपॉक्सी. हे तंत्र महासागरात टिकते. टिकते ते तो लेप अखंड असला तर.

काळे डाग आणि डांबर

सागात टॅनिन असते. त्याला लोखंड आणि पाणी मिळाले की शाईसारखा काळा डाग उठतो. खिळा लोखंडी असेल, घासताना पोलादी तारेची घासणी वापरली असेल, किंवा शेजारी ग्राइंडरवर लोखंड कापताना उडालेली ठिणगी ओल्या फळीवर पडली असेल, तर डाग ठरलेलाच. घासून तो जात नाही, कारण तो रेषांत मुरलेला असतो.

उपाय ऑक्झॅलिक ॲसिडचा. त्याचे पांढरे खडे प्लास्टिकच्या भांड्यात कोमट पाण्यात विरघळतील तेवढे घाला. हातमोजे आणि चष्मा हवाच, कारण ते विषारी आहे. मुले आणि गुरे त्या बाजूला फिरकू देऊ नका. डागावरचे वार्निश चांगले लांबवर काढा. मग नायलॉनच्या ब्रशने हे पाणी नुसत्या डागावर न लावता ती फळी एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंत पूर्ण भिजवा, नाहीतर डाग जाऊन त्या जागी पांढरा चट्टा उरतो. पाहता पाहता काळ्याचे करडे होते, मग तपकिरी, आणि अर्ध्या-पाऊण तासात बहुतेक जागी लाकडाचा मूळ रंग वर येतो. नाही आला तर वाळल्यावर पुन्हा एकदा. त्यानंतर गोड्या पाण्याने तीनदा भरपूर धुवा. हे धुणे अर्धवट राहिले तर वाळलेले खडे रेषांत उरतात, पुढचे वार्निश उचलतात आणि घासताना त्यांची धूळ नाकात जाते. तीन-चार दिवस वाळू द्या, तोंडाला मास्क बांधून हलके घासा. मूळ खिळा आत तसाच ठेवला तर ही सगळी मेहनत एका पावसाळ्यात फुकट जाईल. तो काढा, त्या जागी तांब्याचा खिळा किंवा ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा स्क्रू बसवा.

डांबराचा दोष तपकिरी असतो. तळाला किंवा आतल्या कोपऱ्यांना डांबर लावून त्यावर पांढरा तेलरंग दिला की काही दिवसांत चहाच्या रंगाचे डाग वर येतात. रंगाचे कितीही हात दिले तरी ते येतच राहतात. आतल्या बाजूला डांबर खरवडून चपडी लाखेचे स्पिरिटमधले दोन हात द्या, लाख त्याला अडवून धरते, मग रंग. पाण्याखालच्या अंगाला हे करू नका, लाख पाण्यात टिकत नाही. तिथे डांबर आहे तर डांबरच राहू द्या आणि पांढऱ्या रंगाची रेषा पाण्याच्या वर न्या.

फळ्यांच्या होडीचे सांधे

आता ती जी चूक होडी कायमची बिघडवते असे वर म्हटले, ती. सागाच्या फळ्यांची होडी तीन महिने मांडवाखाली राहिली की फळ्या आखडतात आणि सांध्यांतून उजेड दिसू लागतो. प्लायवर काम केलेला माणूस हे पाहून इपॉक्सी कालवतो आणि सगळे सांधे टणक भरून, घासून, आरशासारखे करून टाकतो. पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतात. त्यांना फुगायला जी जागा ठेवलेली होती ती आता दगडाने भरली आहे. मग टणक लांबी कडेने चिरत बाहेर येते. ती निघाली नाही तर जोर बरगड्यांवर आणि खिळ्यांवर जातो आणि खिळे ढिले होतात.

अशा सांध्यांतली टणक भर काढण्यावाचून गत्यंतर नाही. जुन्या करवतीच्या पात्याचे टोक वाकवून आकडी करा आणि फळीची कड न दुखवता थोडे थोडे ओढत काढा. मोकळ्या सांध्याच्या दोन्ही कडांना पातळ तेलरंगाचा हात द्या, नाहीतर कोरडे लाकूड लांबीतले तेल शोषून घेते आणि लांबी भुगा होते. त्यावर पीळ दिलेला कापूस हलक्या हाताने बसवा. ठोकून कोंबू नका, फुगण्यासाठी वाव राहिला पाहिजे. वर खडूची भुकटी आणि उकळलेले अळशीचे तेल यांची मऊ लांबी, फळीच्या पातळीपेक्षा किंचित आत. पाण्यात गेल्यावर पहिले एक-दोन दिवस पाणी येईल. उथळ जागी बांधून ठेवा, उपसत राहा, फळ्या आपल्या आपण बसतात.

या मऊ, दबणाऱ्या भरीवर किती भिस्त ठेवता येते, याचे मुंबईशी नाते असलेले एक उदाहरण आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ ही ३२ फुटी सागवानी नौका १९६० च्या दशकात मुंबईत बांधली गेली. तीच घेऊन ते १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधल्या फाल्मथहून निघाले आणि कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीला फेरी घालून २२ एप्रिल १९६९ रोजी परतले. असे करणारे ते पहिलेच. प्रवासाच्या सुरुवातीलाच अटलांटिकमध्ये पठाणाला (तळाच्या कण्याला) लागून असलेल्या फळीच्या सांध्यातून पाणी येऊ लागले. त्यांनी पाण्यात बुडी मारून त्या सांध्यात कापूस भरला, त्यावर कॅनव्हासची पट्टी ठोकली आणि नंतर तांब्याचा पत्रा मारला. ती भर पुढे सगळ्या प्रवासात टिकली. आपल्याकडे भारतीय नौदलात २०२५ मध्ये दाखल झालेली ‘कौंडिण्य’, अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात बांधलेली, तर खिळ्यांशिवाय काथ्याच्या दोरीने शिवलेली आहे आणि तिचे सांधे काथ्या व राळ यांनी भरले आहेत. लाकूड हलते हे गृहीत धरून केलेली ही कामे आहेत.

हे हाताने करताना पाहायचे असेल तर १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात रेवदंडा, बोर्ली, मुरूडच्या बंदरांवर चक्कर मारा. होड्या ओढून शाकारलेल्या असतात, डागडुजी चालू असते आणि विचारले तर कोळी बांधव मनापासून सांगतात. सांध्यात कापूस किती दाबायचा, हे लिहून कळत नाही.

भोके, कडा आणि चिंध्या

उत्तम वार्निश केलेल्या होडीत कडी बसवायला शेवटच्या दिवशी भोक पाडले आणि स्क्रू तसाच पिळला, तर त्या भोकातून पाणी थेट लाकडाच्या गाभ्यात जाते. स्क्रू काढा. भोक दीडपट मोठे करा, वाळू द्या, इपॉक्सीने काठोकाठ भरा, टणक झाल्यावर त्याच्या मधोमध स्क्रूच्या मापाचे भोक पाडा. आता स्क्रू इपॉक्सीत बसेल, लाकडाला पाणी लागणार नाही. प्लायच्या कडा आणि फळ्यांची टोके पाणी सर्वांत आधी पितात. तिथे इतर ठिकाणच्या एका हातामागे दोन, असे तीन-चार हात द्या. पाण्याखाली गाडीची पॉलिस्टर पुट्टी वापरली असेल तर ती काढा, ती हळूहळू पाणी शोषते. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचे नसेल तर मात्र वरची कुठलीच दुरुस्ती फार काळ पुरणार नाही, तेव्हा खर्च करण्याआधी कापलेला तुकडा उकळत्या पाण्यात काही तास ठेवून पाहा.

इपॉक्सी कितीही चांगली लागली तरी उन्हाने ती पिवळी पडते, भुकटी होते. तिच्यावर ऊन अडवणारे मरीन वार्निश किंवा रंग हवाच. दोन भागांचे पॉलियुरेथेन लावणार असाल तर ते ओलाव्याशी संयोग पावून बुडबुडे धरते आणि त्याची वाफ फुफ्फुसांना फार वाईट. बंद खोलीत अजिबात लावू नका, नुसता कापडी रुमाल पुरत नाही. अळशीच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेतात. काम संपताच त्या पाण्यात बुडवा किंवा दोरीवर एकेक पसरून वाळवा. पडवीला गवताचा पेंढा लागून असेल तर हे कधीच विसरू नका.

खाडीत एकदा जाऊन आलेल्या होडीची दुरुस्ती करताना सगळ्यात आधी गोड्या पाण्याने धुवा. मीठ डोळ्यांना दिसत नाही, पण ते हवेतला ओलावा ओढत राहते आणि त्यावरचा हात काही महिन्यांत फुगतो.

शेवटचा हात लागल्यावर निदान आठवडाभर होडीला पाणी लावू नका. इपॉक्सीही पुरती टणक व्हायला तेवढा वेळ घेते. पहिल्या फेरीनंतर ती उपडी करून सगळ्या अंगावर पुन्हा एकदा बॅटरीचा तिरपा प्रकाश टाका. नवा दोष दिसला तर जागा आणि तारीख वहीत लिहून ठेवा आणि तो वाढतो आहे का ते महिन्याने पाहा. वाढत नसेल तर दिवाळीपर्यंत हात लावू नका. ज्येष्ठाच्या आधी होडी चढावर ओढून घ्या, तळाचे बूच काढा, नाळ वीतभर उंच ठेवा. शाकारताना ताडपत्री अंगाला चिकटू देऊ नका. खाली बांबू घालून दोन्ही टोकांनी वारा खेळता ठेवा. चार महिने प्लास्टिकखाली घुसमटलेल्या होडीवर दसऱ्याला फोड दिसले, तर ते या शाकारणीतून आलेले असतात.